तीन करंगळ्या

सूक्ष्मताईने आपल्या सख्ख्या दिराचे दांडे तीन करंगळ्यांसाठी नापास केले, तेही एका आठवड्यात तिसऱ्यांदा, ही बातमी शुक्रवारी कारखान्याच्या फाटकातून निघाली आणि ताई घरी पोचायच्या आत गल्लीत पोचून, चहा पिऊन, पाय पसरून बसलीसुद्धा.

"सूड घेतेय," वरच्या मजल्यावरची मावशी म्हणाली. "भिंतीचा सूड."

भिंतीचं प्रकरण गल्लीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. दोघे भाऊ एकाच घरात राहायचे. थोरला शिंपी, पुढच्या खोलीत त्याचं दुकान. धाकटा कारखान्यात ग्राइंडरवर. धाकट्याला घराच्या मधोमध भिंत घालून हवी होती. गेल्या रविवारी त्याने जमिनीवर खडूने रेघ ओढली, आणि ती रेघ थोरल्याच्या बाजूला चांगली अर्धा फूट सरकलेली निघाली. दिवसभर दोन्ही चुलींवरची भांडी आदळत होती. सोमवारी थोरल्याच्या बायकोने, म्हणजे आपल्या ताईने, कारखान्यात धाकट्याचा पहिला लॉट नापास केला. बुधवारी दुसरा. शुक्रवारी तिसरा. आता यात न समजण्यासारखं काय आहे?

समजलं नव्हतं ते एकट्या ताईला. तिने खरंच मोजलं होतं आणि दांडे खरंच बारीक भरले होते.

तर या ताईबद्दल थोडं सांगायला हवं. तीस वर्षं ती कारखान्याच्या तपासणी खोलीत बसायची. मोठाली खोदाईची यंत्रं असतात ना, हत्तीच्या सोंडेसारखा लोखंडी हात उचलणारी, त्या हातात तेल सोडणारा-अडवणारा एक दांडा असतो. अंगठ्याएवढा जाड, आरशासारखा चकचकीत. तो एका भोकात बसतो आणि पुढे-मागे सरकतो. भोक आणि दांडा यांच्यामध्ये फट हवी, नाहीतर दांडा अडकेल. पण ती जास्त झाली तर तेल गळतं, आणि उचललेला हात हळूहळू, कुणाला न विचारता, खाली यायला लागतो. खाली त्या वेळी माणूस उभा असला तर पुढचं सांगायला नको. एवढ्यासाठी ताई डोळ्यांत तेल घालून मोजायची. माप बरोबर असलं तर कागदावर तिचा गोल शिक्का, नसलं तर लाल फुली. तिच्या फुलीपुढे मोठ्या साहेबाचंही चालायचं नाही.

हे मोजमाप चालायचं मायक्रॉनमध्ये. एका मिलिमीटरचे हजार तुकडे करा, त्यातला एक मायक्रॉन. असं सांगितलं की माणसं मान डोलवतात आणि डोक्यात काही शिरत नाही, हे ताईला फार वर्षांपूर्वी कळलं होतं. म्हणून तिने स्वतःची एक दुनिया काढली होती. गल्लीत दळण आणताना, नळावर, जिन्यात, जो सापडेल त्याला ती त्या दुनियेत ओढून न्यायची; सूक्ष्मताई हे नाव गल्लीने त्यावरूनच पाडलं होतं.

"समज, सगळं दहा हजार पटींनी मोठं झालं," ती सुरू करायची. "तर तुझ्या डोक्यावरचा एक केस या दरवाजाएवढा रुंद होईल. झाला? आता त्या दुनियेत मायक्रॉन म्हणजे काय? ही करंगळी. करंगळीची रुंदी, बस. आपल्या रक्तात लाल गोळ्या फिरतात ना, त्या लिंबाएवढ्या दिसतील. पोट बिघडवणारे जंतू वालाच्या दाण्याएवढे. आणि सर्दी ज्याने होते, तो विषाणू? खसखस! खसखशीचा एक दाणा! त्याने आपण आठ-आठ दिवस शिंकतो."

"आणि मी केवढा होईन?" तिच्या नवऱ्याने एकदा कात्री चालवता चालवता विचारलं होतं.

"तुम्ही? सोळा किलोमीटर उंच. डोकं ढगांच्या वर. तसंही ते तिथेच असतं."

शिंपीदादा काही कमी नव्हता. "अगं, माझ्या धंद्यात अर्धा इंच इकडे-तिकडे झाला तर गिऱ्हाईक म्हणतं, धुतल्यावर बसेल."

"तुमचा अर्धा इंच माझ्या दुनियेत सव्वाशे मीटर भरतो. चाळीस मजली इमारत! एवढी मोठी चूक करून तुम्ही वर शिलाई घेता?"

असा त्यांचा संसार. एकाचं माप टेपवर, दुसरीचं केसाच्या सत्तराव्या हिश्शावर, आणि तरी सत्तावीस वर्षं एकाच पलंगावर मावले होते.

म्हणून गल्लीत "तीन करंगळ्या" म्हटलं की सगळ्यांना कळायचं, तीन मायक्रॉन. दांड्याची जाडी ताईच्या दुनियेत अडीचशे मीटर, म्हणजे एक मोठं मैदान. भोवतीची फट सहा करंगळ्यांची. मापाला दांडा दोन करंगळ्यांनी कमी भरला तर चालायचा. तीन म्हणजे फुली. भावोजींचे दांडे एका ओळीत निदान तीनने कमी भरत होते. मधला लॉट तर सगळाच पाच-सहावर गेला होता. आणि कारखान्याचा नियम साधा होता. एका महिन्यात दोन लॉट बाद झाले की कारागीर बारीक कामावरून खाली. खाली म्हणजे मागच्या शेडमध्ये, जिथे ओबडधोबड ठोकळ्यांची टोकं घासतात. धाकट्याचे दोन आधीच झाले होते. मोठ्या साहेबाने, बारा वर्षांचा कारागीर म्हणून, तिसऱ्याची वाट पाहिली होती. तिसऱ्याचा कागद ताईच्या टेबलावर होता. फुली मारून झाली होती, फक्त सही राहिली होती. ती शनिवारी अकरा वाजता साहेबासमोर करायची होती.

त्या बारीक कामाच्या मशीनसाठी धाकट्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. बायको त्याला चिडवायची, की लग्नासाठी सुद्धा एवढे थांबला नव्हतात. दगडाच्या चाकाच्या नुसत्या आवाजावरून तो ओळखायचा, अजून किती काढायचं. हे ताईलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. त्याला त्या मशीनवर बसवा म्हणून साहेबाकडे खेटे तिनेच घातले होते.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा खडूची रेघ ओलांडूनच स्वयंपाकघरात जावं लागलं. धाकटा रेघेच्या पलीकडे उभा होता. तोंड असं, की हात लावला तर चटका बसेल.

"वहिनी, एक विचारू?"

"विचारा, भावोजी."

"चाळीसच्या चाळीस दांडे निदान तीनने कमी? सगळे? एका शिस्तीत?"

"सुईने जे दाखवलं ते लिहिलं."

"मी बारा वर्षं घासतोय. माझा हात चुकला तर वेडावाकडा चुकेल. एक दोनने, एक चारने, एखादा बरोबर. चाळीस जण रांगेत उभे राहून कवायत करतील असा मी चुकणार नाही! एवढी शिस्त माझ्यात असती तर आईने जन्मभर शिव्या घातल्या नसत्या."

"बुधवारचे तर आणखी बारीक. पाच-सहावर गेले."

त्याने नजर खडूच्या रेघेकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "वहिनी, भिंत नको म्हणत असाल तर तसं सांगा. रेघ पुसतो. पण माझ्या हाताचं नाव खराब करू नका."

हे ताईला कानफटात बसल्यासारखं लागलं. गल्ली म्हणते ते वेगळं. गल्लीला काय, राईचा पर्वत केल्याशिवाय तिला झोप येत नाही. पण हा, ज्याच्या लग्नात हिने पहाटेपासून पाणी भरलं, तोही तेच समजत होता. तिला खूप काही बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "भिंतीचं माप टेपने घेतात, भावोजी. दांड्यांचं नाही." आणि आत गेली.

आत जाऊन ती पिंपाला टेकून उभी राहिली. कारण धाकट्याचा एक प्रश्न तिच्या डोक्यात रुतून बसला होता. सगळे, एका शिस्तीत? हा प्रश्न खरं म्हणजे तिने विचारायला हवा होता. तीस वर्षांपूर्वीची ती असती तर सोमवारीच विचारला असता.

पण सोमवारपासून तिचं निम्मं लक्ष दांड्यांवर नव्हतंच. ते दुसरं काहीतरी लपवण्यात होतं.

गेल्या सहा महिन्यांपासून ताईला सुया दोन दिसत होत्या.

मापाच्या यंत्रावर एक घड्याळासारखी तबकडी असते, तिच्यावर बारीक रेघा, आणि एक सुई. एक रेघ एक मायक्रॉन. आधी सुईच्या कडेला धूर दिसायला लागला, मग सुईशेजारी दुसरी सुई उगवली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, हे तिला डॉक्टरकडे न जाताच कळलं होतं. पण डॉक्टरकडे गेलं की कागद होणार, कागद कारखान्यात जाणार, आणि शिक्का काढून घेणार. ज्या बाईची अर्धी गल्ली नक्कल करते, "समज, सगळं दहा हजार पटींनी मोठं झालं", तिला समोरची सुई दिसत नाही! वार्षिक तपासणीत अक्षरांची पाटी असते, तिची शेवटची ओळ तिने चहा घेता घेता पाठ करून टाकली होती आणि घडाघडा म्हणून दाखवली होती. डॉक्टर म्हणाला, "वा, या वयात!"

मग उजेड वाढवून पाहावा, असं तिला वाटलं. मोबाइलच्या टॉर्चने काचेवर पांढरा डाग पडायचा आणि दोन्ही सुया त्यात बुडायच्या. तेव्हा तिला नवऱ्याच्या मशीनवरचा दिवा आठवला. वाकड्या मानेचा, आत जुनाट पिवळा बल्ब, उजेड असा मऊ की सुई एकटी आणि काळीभोर दिसायची. सोमवारी तिने तो पिशवीत घातला, वर डबा ठेवला, आणि नेला. शिंपीदादा आठवडाभर दिवा शोधत होता. ताई म्हणत होती, "असेल कुठेतरी, तुमच्या चिंध्यांखाली." ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई मिळते, ही ताक पिऊन भांडंच पळवणारी निघाली.

दादा आज दुकान लवकर बंद करून आत आला. "संध्याकाळ झाली की सुईत दोरा जात नाही," तो कुरकुरला. "तो दिवा सापडायला हवा. नवीन आणावा तर असला बल्ब मिळत नाही आता."

"मोबाइलचा लावा."

"छे. थंड उजेड तो. माझ्या दिव्याची मजा वेगळी. हिवाळ्यात त्याखाली बोटं धरली की गरम होतात." तो हसला. "फक्त मेणाची वडी जवळ ठेवायची नाही. दोऱ्याला लावायचं मेण विसरून ठेवलं होतं एकदा, अर्ध्या तासात असं लिबलिबीत झालं की..."

तो पुढे काय बोलला ते ताईला ऐकू आलं नाही.

तपासणी खोली थंड ठेवतात. वीस अंश, बाराही महिने, कारण लोखंड ऊब लागली की फुगतं. दिसण्याइतकं नाही, पण करंगळीइतकं नक्की. म्हणून दांडे आदल्या दिवसापासून त्या खोलीत निवत ठेवायचे. त्यांच्याबरोबर एक मास्टर असतो, म्हणजे अचूक मापाचा पोलादी तुकडा. आधी मास्टर यंत्राखाली ठेवायचा, सुई शून्यावर आणायची, मग दांडे त्याच्याशी ताडून पाहायचे. मास्टरला उघडा हात लावला म्हणून ताईने माणसांना रडवलं होतं. "तळहात म्हणजे तवा!" असं तिने भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

आणि आठवडाभर तो मास्टर तिने ठेवला होता कुठे? तबकडीच्या शेजारी. दिव्याच्या बरोबर खाली. दर दिवशी डोळा जास्त थकायचा आणि ती दिव्याची मान आणखी थोडी वाकवायची. त्या गारठ्यात बोटांना छान ऊब लागायची, हेही तिला आठवलं. दांडे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, गार. मास्टर दिव्याखाली, फुगलेला. फुगलेल्या मास्टरशी तुलना केली की चांगला दांडाही बारीकच भरणार. सगळे दांडे. एका शिस्तीत.

भिंतीवरचा पारा मात्र वीस दाखवत होता. तो खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता. दिव्याखालचं त्याला काय ठाऊक?

"अगं, ऐकतेस ना?" दादा म्हणाला.

"ऐकतेय," ती म्हणाली. "मेण वितळतं."

शनिवारी ती आठ वाजताच खोलीत होती. दिवा बंद केला. मास्टर चिमट्याने उचलला आणि टेबलाच्या गार टोकाला दांड्यांच्या शेजारी ठेवला. निवायला दोन तास हवेत. ती स्टुलावर बसली. खोलीत यंत्राची घरघर आणि तिच्या घड्याळाची टिकटिक, बाकी काही नाही.

दहा वाजता तिने मास्टर यंत्राखाली ठेवला आणि तबकडीवर वाकली. आणि तेव्हा तिला कळलं की आपण केवढ्या खड्ड्यात आहोत. दिव्याशिवाय सुई वाचता येत नव्हती. नाक काचेला टेकलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. दोन सुया, त्यांच्याभोवती धूर. त्यातली कोणती खरी? दिवा लावला तर माप खोटं, न लावला तर माप दिसतच नाही. आपण चुकलो याची तिला शंभर टक्के खात्री होती, पण ते एकटीने तपासता येत नव्हतं.

टेबलावर कागद होता. लाल फुली. खाली सहीची रेघ.

सही केली तर? दिवा आज पिशवीत घालून घरी न्यायचा. सोमवारपासून तब्येतीची रजा, गुपचूप शस्त्रक्रिया, महिन्याभरात परत. कुणाला कळणार नाही. भावोजी मागच्या शेडमध्ये जातील. वर्षा-दोन वर्षांनी आपणच शब्द टाकून त्यांना परत आणू. हा सगळा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप मांडला गेला, आणि तो इतका नीट जमला की तिला स्वतःचीच भीती वाटली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. इथे तर केसाचा विसावा हिस्सासुद्धा पुरणार होता.

अकराला पाच मिनिटं असताना साहेब आला. जाड, घाम पुसत असलेला, पण खोलीचा गारवा लागताच सुखावलेला. मागून धाकटा. त्याने धुतलेला शर्ट घातला होता. शेडमध्ये पाठवणार म्हणून कुणी धुतलेला शर्ट घालतं का? पण त्याने घातला होता, आणि ते ताईच्या डोळ्यांत खुपलं. त्या धुरकट डोळ्यांतसुद्धा.

"करा, ताई, सही करून टाका," साहेब म्हणाला. "तीन वाजता माल न्यायला गाडी येणार आहे. पहिले दोन लॉट बाद, तिसराही बाद. काय पाठवू मी, डबे?"

ताईने कागद उचलला. मग तिने तो उभा फाडला.

"अहो ताई!"

"साहेब, बसा. भावोजी, तुम्ही पण या. त्या दिव्याकडे बघा."

दोघांनी दिव्याकडे बघितलं. धाकट्याच्या कपाळावर आठी पडली. "हा तर दादाचा. तो तर घर उलथंपालथं करतोय."

"मी आणलाय. चोरून." एकदा पहिलं वाक्य गेलं की बाकीची त्याचा पदर धरून येतात, तसं झालं. मास्टर कुठे ठेवला होता ते तिने सांगितलं. मेणाचं सांगितलं. साहेबाला मायक्रॉन कधीच कळले नव्हते, म्हणून सवयीने म्हणालीही, "समजा, सगळं दहा हजार पटींनी मोठं झालं. मास्टर म्हणजे अडीचशे मीटरचं मैदान. ते उन्हात तापून तीन करंगळ्या पसरलं. आणि मी म्हणत बसले, बाकीची मैदानं लहान झाली."

साहेबाला मैदान कळलं. "पण ताई, दिवा आणलात कशाला? खोलीत ट्यूब आहे की."

हा प्रश्न येणार होताच. ताईने तबकडीकडे पाहिलं. दोन सुया.

"मला सुई दिसत नाही," ती म्हणाली. "सहा महिने झाले. डॉक्टरच्या पाटीची शेवटची ओळ मी पाठ केली होती."

साहेब रुमाल हातात घेऊन तसाच बसला. धाकटा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग दुसरीकडे बघायला लागला, कारण तिचं नाक लाल झालं होतं आणि ते तिला कुणी पाहिलेलं चालत नसे.

"मग आता मोजायचं कुणी?" शेवटी साहेब म्हणाला. "तीनला गाडी आहे. मी चष्मा लावला तरी मला ह्यातलं काही कळत नाही. दुसरा तपासनीस रजेवर."

"मास्टर निवलाय. यंत्रावर हात मी ठेवते, दांडे मी लावते," ताई म्हणाली. "सुई भावोजी वाचतील."

"काय? स्वतःचे दांडे स्वतः? अहो, उंदराला मांजर साक्ष!"

"साहेब, आकडे मी लिहिणार, आणि सोमवारी दुसरा माणूस आला की त्यातले पाहिजे तेवढे परत मोजा. पण आज वाचतील ते."

साहेब घुटमळला, मग मान हलवली. गाडीपुढे माणूस सगळ्याला तयार होतो. धाकटा मात्र हलला नाही.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "मी खोटं वाचलं तर तुम्हाला कळणार नाही."

"नाही कळणार," ताई म्हणाली.

तो येऊन उभा राहिला.

आधी मास्टर. तो थांबवेपर्यंत ताई सुई सरकवत राहिली. "शून्य," तो म्हणाला. मग सोमवारचा लॉट. ती दांडा सरकवायची, तो वाचायचा. "उणे एक. शून्य. शून्य. उणे एक." आवाज आधी अडखळत होता, मग सुटला. चाळीस दांडे, एकही बाद नाही. साहेब खुर्चीत जरा मागे रेलला. धाकट्याच्या मानेवरची शीर ढिली पडली.

मग बुधवारचा. ताईने पहिला दांडा लावला. थांबली. उत्तर आलं नाही.

"भावोजी?"

"उणे दोन."

चालतं. पुढचा.

"उणे दोन. उणे..." तो थांबला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. सुया दोन्ही तिच्यासमोर होत्या, धुरात, आणि त्यांना विचारून उपयोग नव्हता. तिने पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली.

"उणे तीन," तो म्हणाला.

ताईने लिहिलं.

"उणे तीन. उणे दोन. उणे तीन. उणे तीन." चाळीसात अकरा. लॉटमध्ये दोन बाद चालतात. अकरा म्हणजे लॉटच बाद, दिवा असो वा नसो.

"हा लॉट खराब आहे," तो म्हणाला, कुणाकडेच न बघता. "मंगळवारी मी चाकाची धार काढली नाही. डोक्यात भिंत होती."

साहेबाने बोट वर केलं. "एक बाद. तिसऱ्यात दोनच्या वर गेले तर दुसरा बाद, आणि मग नियम नियम आहे. दिवा फक्त आधीच्या आकड्यांना माफ करेल."

तिसरा लॉट. शुक्रवारचा. आता धाकटा झुकला होता, दोन्ही हात टेबलावर, जणू सुई पळून जाईल. "शून्य. उणे एक. उणे एक. शून्य." दहा. वीस. तेविसावा, "उणे तीन." एक बाद. ताईच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने दुसरी घेतली. तीस. चौतिसावा, "उणे तीन." दोन.

सहा राहिले.

साहेब उठून उभा राहिला होता. धाकट्याचा धुतलेला शर्ट त्या गारठ्यातही पाठीला चिकटला होता. "उणे एक," तो म्हणाला. "उणे दोन. उणे दोन. शून्य." एकोणचाळिसावा, "उणे दोन."

चाळिसावा दांडा ताईने लावला आणि तो काहीच बोलला नाही.

ती वाट बघत राहिली. आधी एवढा वेळ तो फक्त वाईट आकड्यासाठी थांबला होता. तिच्या मनात आलं, हा आता "उणे दोन" म्हणेल, आणि मी ते लिहीन, आणि खरं काय होतं ते मला कधी कळणार नाही. तिच्या ओठांवर आलंही होतं, की राहू दे, एका करंगळीने काय बिघडतं? तीस वर्षांत पहिल्यांदा. ती बोलली नाही.

"साहेब, तुम्ही या," धाकटा म्हणाला. "सुई दोन आणि तीनच्या मध्ये आहे. हे मी नाही ठरवणार."

साहेबाने चष्मा लावला, पुसला, परत लावला, तबकडीवर वाकला. बराच वेळ त्याचं फक्त नाक दिसत होतं.

"दोनच्या जवळ," तो म्हणाला. "दोनला टेकलीच आहे म्हणा ना."

"नक्की?" ताईने आणि धाकट्याने एकदमच विचारलं. साहेब दचकला.

"अहो, नक्की! दोन! काय माणसं आहात!"

ताईने "उणे दोन" लिहिलं, पुढे साहेबाला सही करायला लावली, आणि मग खणातून आपला गोल शिक्का काढला. सोमवारच्या लॉटवर मारला, शुक्रवारच्या लॉटवर मारला, बुधवारच्यावर लाल फुली. शिक्का तिने रुमालाने पुसला आणि साहेबासमोर ठेवला.

"डोळे दुरुस्त झाले की परत मागायला येईन."

"आणि तोपर्यंत दुसऱ्या तपासनिसाला यातलं शिकवायला येता का?" साहेब शिक्का खिशात घालत म्हणाला. "तुमच्या त्या मैदानासकट." आणि गाडीची चौकशी करायला धावत गेला.

दोघे राहिले. धाकट्याने दिव्याची तार गुंडाळली, बल्बला फुंकर मारली, आणि दिवा पिशवीत घातला. वर डबा ठेवला.

"दादाला काय सांगायचं?"

"चिंध्यांखाली सापडला."

"वहिनी, तुम्ही परत सुरू झालात."

"बरं, मीच सांगते."

दोघे फाटकाकडे निघाले. पायरी उतरताना ताईने अंदाजाने पाय टाकला आणि तो नको तिथे पडला. त्याने काही न बोलता कोपर पुढे केलं. तिने ते धरलं, आणि गल्लीने संध्याकाळी काय काय जोडून सांगितलं ते सांगायला नको.

रविवारी धाकट्याने शिंपीदादाचा टेप मागून घेतला आणि खडूची रेघ पुन्हा मोजली. ती अर्धा फूट नाही, सात इंच सरकलेली निघाली.

"सात!" दादा म्हणाला. "आणि मला म्हणतात, मी मापात चुकतो."

धाकट्याने फडक्याने रेघ पुसली. नवी अजून ओढलेली नाही. ताई म्हणते, आधी डोळे होऊ देत, मग ती मोजून देईल.